दुर्ग स्टेशनवरच्या खुळ्यांची बाजू

उतईहून दुर्ग स्टेशन दहा-बारा किलोमीटर आहे. तिथवर स्कूटर दामटत जायचं, ती स्टँडवर लावायची, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि पुण्याहून किंवा नागपूरहून निघून पुढे कुठेतरी चाललेल्या मित्राला, त्याची गाडी थांबते तेवढ्या पाच मिनिटांत भेटून परत यायचं, हा निव्वळ खुळेपणा आहे. याबद्दल आमच्या घरात दुमत नाही आणि आळीतल्या बहुतेक घरांतही नाही. पेट्रोल जातं, दुपारची झोप जाते, गाडी रखडली तर अख्खी दुपार जाते. पदरात काय पडतं, तर डब्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाशी चार वाक्यं. हिशेब कुठूनही मांडा, घाट्याचाच निघतो.

मला या खुळेपणाची बाजू मांडायची आहे, आणि तो खुळेपणा आहे हे मान्य करून मांडायची आहे. तसं पाहिलं तर यात फायदाच आहे, अशी वकिली मी करणार नाही. फायदा नाहीच. पण काही गोष्टी फायदा नसताना नेमाने कराव्यात, आणि त्यांत स्टेशनवर मित्राला भेटायला जाणं मी फार वरचं धरतो.

आधी हे काम कसं चालतं ते सांगतो, कारण याला शिस्त लागते. उतईला जवळ पडतं ते मरोदा स्टेशन, पण तिथे दल्ली राजहऱ्याच्या लाइनीवरच्या गाड्या. मुंबई-हावडा मेल, गीतांजली, पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद, यांतल्या कुणालाही गाठायचं तर दुर्गलाच जावं लागतं. पश्चिमेकडून येणारा मित्र गोंदियाला चहा घेतो आणि उत्साहाने पहिला फोन करतो. तो फोन धरायचा नाही. गोंदियानंतर सालेकसा, दरेकसा, मग घाट, जंगल आणि बोगदा. तिथे रेंज जाते. दरेकसा हे महाराष्ट्राचं टोक, पुढचं बोरतलाव छत्तीसगडात, आणि त्यानंतर थोड्याच वेळात बम्लेश्वरीचा डोंगर दिसायला लागतो. "डोंगरगड आलं बे," हा फोन खरा. तिथून दुर्ग साठेक किलोमीटर. या फोनवर स्कूटर बाहेर काढली तर माणूस गाडीच्या आधी पोचतो. मित्राला द्यायचा खाऊचा डबा घरीच राहिला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं तरी पोचतो. राजनांदगावच्या फोनपर्यंत जो बसून राहतो त्याची मात्र धावपळ होते, कारण गाडीला तीसच किलोमीटर उरलेले असतात आणि आपल्याला सगळं दुर्ग शहर ओलांडायचं असतं. हावड्याकडून कुणी येत असेल तर रायपूर सुटल्याचा फोन धरायचा. रायपूर-दुर्ग अंतर ३७ किलोमीटर, पण मधे भिलाईच्या अलीकडे-पलीकडे मालगाड्यांची गर्दी असते, त्यामुळे त्या बाजूने येणाऱ्या गाडीवर जरा कमी विसंबावं.

प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. पाच मिनिटांच्या भेटीला दोन तासांची मुभा. मला हा नियम मनापासून आवडतो. भेट केवढी आणि तिच्यासाठी थांबणं केवढं, याचं प्रमाण ज्यांनी हा नियम केला त्यांना नेमकं कळलं होतं.

थांबण्याचा हा वेळ फुकट जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या एका सोबत्याबरोबर थांबून पाहावं. हा भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झालेला. भिलाईचे रूळ १९६० पासून देशभर जातात. आता तिथे १३० मीटरचा अखंड रूळ निघतो आणि जोडून केलेले २६० मीटरचे पॅनेल खास वाघिणींवरून रवाना होतात. प्लॅटफॉर्मवर आला की हा माणूस बाक शोधत नाही. समोरच्या रिकाम्या लाइनीकडे डोळे बारीक करून बघत उभा राहतो. रुळाच्या उभ्या भागावर, वरचं डोकं आणि खालचा तळ यांच्या मधल्या पट्टीवर, कारखान्याचं नाव, पोलादाची प्रत, रूळ निघाला तो महिना आणि वर्ष अशी उठावाची अक्षरं असतात. वर काळा वंगणाचा आणि धुळीचा थर, त्यावर पानाच्या पिचकाऱ्या, तरीही त्याला ती वाचता येतात. "हा आपल्या वेळचा," तो म्हणतो, आणि मग त्या वर्षी शिफ्टला कोण कोण होतं ते सांगायला लागतो. त्यातला एक जण समोरून येणाऱ्या गाडीत बसलेला असतो. गाडीला चाळीस मिनिटं उशीर आहे अशी घोषणा झाली तर आम्ही हळहळत नाही. चाळीस मिनिटांत बराच रूळ वाचून होतो.

आलूगुंडाही तेव्हाच खायचा. आपला बटाटेवडाच तो, इकडे त्याला आलूगुंडा म्हणतात, आणि गरम असला तर लाल तिखट चटणीबरोबर तो दादरच्या वड्याला मागे टाकतो असं माझं मत आहे. नागपूरच्या मित्रांना ते मान्य नाही.

आता ती पाच मिनिटं. गाडी शिरताना डब्यांचे नंबर वाचत तिच्या दिशेनेच दोन-चार पावलं चालायचं, पळायचं नाही. बी-३ समोरून सरकतो आणि दारात तो दिसतो, एक हात दांड्याला, दुसऱ्या हातात पिशवी. त्याच्या मागे दुर्गला उतरणारं कुटुंब, तीन बॅगा, एक पोतं आणि झोपेतून उठवलेलं मूल. "भाईसाहब, पहले उतरने दीजिए." पहिलं मिनिट त्यांचं. दुसऱ्या मिनिटात तो खाली उतरतो आणि दोघं एकमेकांना नुसते बघतात. "बारीक झाला का बे?" "तू सांग, केस कुठे ठेवून आलास?" तिसऱ्या मिनिटात पिशव्यांची अदलाबदल होते, इकडून डबा जातो, तिकडून संत्र्याची बर्फी येते. चौथ्यात कोण गेलं, कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या मुलीचं ठरलं, वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन कधी. सिग्नल हिरवा होतो. आणि मग एक पाय पायरीवर ठेवून तो म्हणतो, "अरे, घशाची गाठ काढून तपासायला दिली आहे. परवा रिपोर्ट येईल. घरी सांगितलं नाही अजून."

मी हे पाहिलेलं आहे, आणि एकाच मित्राच्या बाबतीत नाही. कर्ज, मुलाची सुटलेली नोकरी, न बोलणारा भाऊ, तपासायला दिलेली गाठ, या गोष्टी पाचव्या मिनिटातच निघतात. सांगणाऱ्याला ठाऊक असतं की आता समजूत घालायला वेळ नाही. ऐकणारा "काही होत नाही रे" असं म्हणू शकत नाही, डॉक्टरांची नावं सुचवू शकत नाही, स्वतःच्या मेहुण्याच्या गाठीची हकीकत सुरू करू शकत नाही. त्याला फक्त ऐकता येतं आणि खांद्यावर हात ठेवता येतो. हाच माणूस घरी तीन दिवस मुक्कामाला आला असता तर गच्चीवर बसून राजकारण बोलला असता आणि ती गोष्ट तशीच परत घेऊन गेला असता. निवांत वेळ मिळाला की माणसं मन मोकळं करतात, असं समजलं जातं. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि या एका कारणासाठी मी कितीही पेट्रोल जाळायला तयार आहे.

पण घरी का बोलवत नाही, हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर भिलाईत आहे. तिथल्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये, पहिली ब्लास्ट फर्नेस राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ ला. त्या वर्षांत आणि पुढेही नागपूर, भंडारा, अमरावती, यवतमाळकडून मराठी माणसं इथे आली. मराठी इथे नवी नव्हती. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ पासून रतनपूरला राहून छत्तीसगड बघत होते आणि तेव्हा आलेली घराणी अजून आहेत. पण कारखान्याबरोबर आलेले आम्ही वेगळे. आमच्यापाशी वाडा नव्हता, शेत नव्हतं, क्वार्टर होतं. सेक्टरांच्या रांगांमधून वाढलो, एकाच मैदानावर खेळलो, एकाच गणपतीपुढे नाटकं बसवली. आणि क्वार्टर हे नोकरीपुरतं असतं. वडील निवृत्त झाले की बरीचशी घरं किल्ली परत करून निघाली. कुणी नागपूरला फ्लॅट घेतला, कुणी मुलामागे पुण्याला गेलं, कुणी रिसाली, मरोदा, उतई असं कारखान्याच्या आसपासच जागा घेऊन राहिलं.

म्हणून दुसऱ्या गावच्या मित्रांना जे सहज मिळतं ते आम्हाला मिळत नाही. त्यांना एक गाव असतं, दिवाळीला सगळे तिथे येतात, पारावर बसतात. आमचा मित्र भिलाईला आला तर जाणार कुठे? ज्या घरात वाढला त्या घराच्या दारावर दुसऱ्याची पाटी आहे, अंगणातल्या आंब्याला दुसऱ्याच्या मुलांनी झोका बांधला आहे. तो तिथे उभा राहिला तर आतून कुणीतरी विचारणार, "किससे मिलना है?" हे ऐकायला कुणाला आवडेल? दुर्ग स्टेशनवर तसं कुणी विचारत नाही. तिथे तो पूर्वीही पाच मिनिटांचाच मालक होता आणि आजही आहे. आमच्या वाट्याला आलेली, न बदललेली, सगळ्यांची सारखी अशी जागा तीच.

प्लॅटफॉर्मवर कुणी यजमान नसतो, ही दुसरी मोठी सोय. मराठी घरात पाहुणा म्हटला की घरच्या बाईचा दिवस संपला. "नुसता चहा घेऊन जाईल," असं नवरा सांगतो आणि चार भाज्या, कोशिंबीर, पुरणपोळीपर्यंत गोष्ट जाते, कारण "जेवूनच जा" हे शब्द आपल्या तोंडून सुटल्याशिवाय राहत नाहीत. पुरुषांची मैत्री बायकांच्या कमरेवर पोसलेली असते, हे आमच्या पिढीने उशिरा का होईना पण कबूल करायला हवं. स्टेशनवर ते ओझं कुणावर पडत नाही. आणि पूर्वी क्वार्टरच्या प्रकारावरून बापाची पायरी कळायची. साहेब लोकांच्या बत्तीस बंगल्यात राहणाऱ्याच्या घरी जाताना शर्ट बदलून जायचो. प्लॅटफॉर्मवर जी पायरी असते ती फक्त डब्याची.

आमच्या आळीत मला कधीच वेड्यात न काढणारी माणसं आहेत ती जुनी छत्तीसगढी. त्यांच्यात मितान बदतात. दोन माणसं गंगाजल, जगन्नाथाचा महाप्रसाद किंवा राखीच्या दुसऱ्या दिवशी शिरवायच्या भोजलीचे कोंब एकमेकांना देतात, आणि त्यानंतर जन्मभर एकमेकांचं नाव घेत नाहीत. महापरसाद, गंगाजल, भोजली, मितान अशीच हाक. मितानाचे आईबाप ते आपले आईबाप, त्याच्या घरचं लग्न आणि सुतक आपलं. जात वेगळी असली तरी. अशा माणसाला "पाच मिनिटांसाठी दुर्गला जातो" म्हटलं की तो विचारतो, "कोन गाड़ी म आवत हे?" एवढंच. का जातोस, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच येत नाही.

मुंबईकरांना हा खुळेपणा रोज करावा लागतो, म्हणून त्यांना त्याचं अप्रूप नाही. दादरला भेटायचं तर पूर्व की पश्चिम, पुलावर की खाली, इंडिकेटरखाली की तिकीट खिडकीपाशी, एवढं ठरवून निघालेली माणसंही अर्धा तास एकमेकांना शोधत असतात. कित्येक वर्षं तिथे पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा होता. "एक नंबरवर ये" असं सांगून दोघंही प्रामाणिकपणे दोन निरनिराळ्या एक नंबरांवर ताटकळत. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मांना आठपासून चौदापर्यंतचे नंबर दिले आणि तो घोळ मिटवला. त्याआधीच्या पिढ्यांचं तर याहून अवघड होतं. रेल्वे देशाच्या प्रमाणवेळेने चाले आणि मुंबई शहर १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ धरून होतं. बोरीबंदरला पाच वाजता म्हणजे कुणाच्या पाच वाजता, हे आधी ठरवावं लागत असणार. तरी माणसं भेटत राहिली. म्हणूनच गैरसोय हे भेट टाळण्याचं कारण मी मानत नाही.

व्हिडिओ कॉल आहे की, असं मुलं म्हणतात. आहे, आणि मी करतो. पण व्हिडिओ कॉलवर कुणी माझ्यासाठी झोपमोड करून दारात येऊन उभा राहत नाही. पहाटेच्या गाडीने जाणारा मित्र राजनांदगावलाच उठतो, तोंड धुतो, केस असतील तर विंचरतो, आणि डब्यातल्या इतरांची झोप मोडू नये म्हणून अंधारात चपला शोधतो. एवढं कुणीतरी आपल्यासाठी केलं, हे त्याच्या चुरगळलेल्या शर्टावरून दिसतं. ते पडद्यावर दिसत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. हा खुळेपणा गर्दीच्या जिवावर करायचा नाही. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर चेंगराचेंगरीत अठरा माणसं गेली. २७ ऑक्टोबर २०२४ ला वांद्रे टर्मिनसवर दिवाळी-छटच्या गर्दीत नऊ जण जखमी झाले, आणि त्यानंतर मुंबईच्या मोठ्या स्टेशनांवर काही दिवस प्लॅटफॉर्म तिकीट देणंच थांबवलं. ते योग्यच होतं. ज्याला प्रवास करायचा आहे त्याची जागा अडवून मैत्री करण्यात काही शोभा नाही. नवरात्रात डोंगरगडला जाणाऱ्या भाविकांनी दुर्ग भरलेलं असतं, छटच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत मित्राला सांगायचं, झोपून राहा, परतीच्या वेळी बघू. पुलावर, जिन्यावर कधीही थांबायचं नाही. भेटायचं ते प्लॅटफॉर्मवर, खांबाला पाठ लावून, लोकांची वाट मोकळी ठेवून. आणि गाडी हलल्यावर कुणीही तिच्याबरोबर धावायचं नाही. हस्तांदोलन राहिलं तर राहिलं.

या खुळेपणाचा खरा शत्रू गर्दी नाही, एसी आहे. स्लीपरच्या खिडकीला गज होते. त्यातून हात जायचा, केळं जायचं, लहान मूल आत-बाहेर बघायचं. आता आम्ही सगळे गुडघ्याचे रुग्ण थर्ड एसीने जातो. काचा काळपट, आतलं बाहेरून दिसत नाही. ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारत सुरू झाली. गाडी देखणी, वेगवान, पण थांबा मिनिट-दोन मिनिटांचा आणि दारं आपोआप बंद होणारी. त्या गाडीत बसलेल्या मित्राला पाचवं मिनिटच नसतं. म्हणून नागपूरच्या मित्रांना मी अजूनही सांगतो की घाई नसेल तर जुन्या मेलने या. दोन-चार जणांनी माझ्यासाठी तसं केलं आहे, तास-दीड तास जास्तीचा घालवून. त्यांच्या घरीही त्यांना खुळंच म्हणत असतील.

राहता राहिला डबा. हल्ली प्लॅस्टिकच्या पांढऱ्या डब्या मिळतात, खाऊन फेकायच्या. त्यांत काही देऊ नये. स्टीलचा डबा द्यावा, घट्ट झाकणाचा, शक्य तर घरातला चांगला, झाकणावर नाव कोरलेला, म्हणजे तो परत आणून देणं भाग पडतं. आत ठेठरी किंवा तांदळाच्या पिठाचे अइरसे द्यावेत, प्रवासात टिकतात आणि पुण्याला मिळत नाहीत. डब्याची आठवण फोनवर द्यायला लाजू नये. आमच्याकडे तर घरातून रोज विचारणा होते की तो मोठा डबा कुठे आहे. रिकामा डबा परत देऊ नये ही रीत दोन्हीकडे आहे, तेव्हा तो येतो तेव्हा त्यात भाकरवडी तरी असते नाहीतर लसणाची चटणी, आणि मग आपल्या घरी त्यांचा एक डबा अडकतो. सध्या माझ्याकडे अमरावतीचा एक, पुण्याचे दोन आहेत. पुण्याचा मित्र पुढच्या महिन्यात रायपूरला लग्नाला जातो आहे, आझाद हिंदने. गाठीचा रिपोर्ट त्याचाच होता. उपचार झाले, आवाज बसला आहे, पण चालतं. डोंगरगडला फोन करून बोलण्याऐवजी तो मेसेज टाकणार आहे. मी निघेन.